अंड्याने चढते का?

शेजारच्या काकांनी अंडी परत केली. कारण काय, तर आमच्या कोंबड्या 'बीअरवर' असतात! म्हणजे मी घरी बीअर करतो आणि गाळून उरलेला धान्याचा चोथा त्यांच्या खाद्यात घालतो, एवढंच.

"राग मानू नकोस रे," काका म्हणाले, "पण उद्या मला गाडी चालवायचीय. सकाळी डबल ऑम्लेट खायचं आणि वाटेत पोलिसाने फुंकायला लावलं तर? अमेरिका आहे ही."

"काका, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, 65-67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, पाणी गाळून उकळायचं, निवलं की यीस्ट. दारू तिथे होते. चोथा त्याच्या आधीच बाहेर!"

"आणि घरी बीअर करणं कायद्यात बसतं?"

"केंद्राच्या कायद्याने 1979पासून बसतं. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन."

"100 गॅलन! कोंबड्यांना?"

शनिवारी स्कॉच लावून बसणारा माणूस हा! ती चालते, ऑम्लेट चालत नाही.

बरं, फुकटचा चोथा म्हणजे काही फुकटचं काम नाही. 20 लिटरला 5 किलो माल्ट लागतं, त्याचा 6-7 किलो ओला चोथा निघतो. त्यात पाऊण हिस्सा पाणीच. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, मग बुरशी. बुरशी दिसली की सगळा खतात; वरवरचं काढून उरलेलं घालू नये, विष खालपर्यंत गेलेलं असू शकतं. म्हणून लगेच ट्रेमध्ये बोटभर जाडीने पसरून ओव्हनमध्ये 95 अंश सेल्सिअसवर पाच-सहा तास, मधूनमधून हलवत. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर अजून ओला आहे. हाती येतो जेमतेम दीड किलो, आणि घरभर वास, त्यावरून ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

नुसता चोथा घातला तर कोंबडीचं पोट सालपटांनी भरतं आणि अंडी कमी होतात. 10 किलो खाद्याला मक्याचा भरडा 5 किलो, सोयापेंड 2, सुका चोथा 1.2, गहू 700 ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा 900 आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं प्रीमिक्स (खनिजं, जीवनसत्त्वं, लायसिन आणि मेथिओनिन असलेलं तयार मिश्रण) 200 ग्रॅम. प्रथिनं सतरा टक्क्यांच्या आसपास जातात. चुऱ्यात काटकसर केली की कवच पापडासारखं. प्रीमिक्स वगळू नये: लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक; चोथ्यात लायसिन कमी, आणि मका-सोयाच्या खाद्यात मेथिओनिन.

एवढं सगळं काकांना सांगत होतो, तोवर त्यांच्या कुत्र्याने उकळीतून काढलेल्या हॉप्सच्या (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) बादलीकडे मोर्चा वळवला. मी धावलो. हॉप्स कुत्र्याला विषारी, ताप इतका चढतो की जीव जाऊ शकतो. म्हणून तो गाळ कोंबड्यांनाही नाही, उघड्या खतातही नाही. पिशवी बांधून थेट कचऱ्यात.

काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ! कुत्र्याला चढते ना?"