शेततळ्यातली दहा हजार बोटुकली आणि मार्चमधलं पाणी

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या सांगोल्याकडच्या शेतकरी गटांत एक मजकूर सारखा फिरतोय. "३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात १० हजार मत्स्यबीज सोडा. पाणी वर-खाली झालं तरी माशाला फरक पडत नाही. खाद्य लागत नाही, शेण टाकलं की भागतं. वर्षात एकेक मासा किलोचा, म्हणजे १० टन, म्हणजे १० लाख. तळं आटत असेल तर मांगूर सोडा, तो चिखलातही जगतो." परवा शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा हाच मजकूर दाखवत बीज कुठं मिळेल ते विचारायला आला. त्याला तोंडी सांगितलं ते इथं लिहून ठेवतोय. माझं तळंही याच मापाचं, डाळिंबासाठी केलेलं, प्लास्टिकचं अस्तर असलेलं. त्यात मी सहा हंगाम मासे केलेत आणि पहिला हंगाम अशाच सल्ल्यावर बुडवलाय.

आधी १० हजारांचं बघू. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, जेमतेम ९ गुंठे. कटला, रोहू, मृगळ या माशांच्या मिश्र शेतीत हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडतात. ९ गुंठ्यांना ती होतात ४५० ते ९००. खाद्य घालून, नीट सांभाळून हेक्टरी ३ ते ५ टन मासा निघतो, म्हणजे आपल्या तळ्यातून २७० ते ४५० किलो. १० टन मासा एवढ्या पाण्यात धरायचा तर चोवीस तास यंत्रानं हवा द्यावी लागेल. आपल्याकडं रात्री लाईट किती वेळ असते ते सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय तो मजकूर नुसतं 'मत्स्यबीज' म्हणतो, बीज आणि बोटुकली यांतला फरक सांगत नाही. इंचभर बीज स्वस्त असतं, पण थेट मोठ्या तळ्यात सोडलं की त्यातलं बरंचसं पाणकिडे, बेडूक आणि पक्षी खातात. बोटभर लांबीची बोटुकली महाग पडली तरी तीच घ्यावी. आदल्या वर्षीची, दाटीत ठेवून खुरटवलेली मिळाली तर त्याहून बरं. मोकळं पाणी आणि खाद्य मिळालं की ती झपाट्यानं भरते, आणि आपल्याकडं वेळच कमी असतो.

कारण सगळा घोटाळा त्या मजकुराच्या दुसऱ्या वाक्यात आहे: "पाणी वर-खाली झालं तरी फरक पडत नाही."

शेततळं हे उतरत्या भिंतीचं भांडं आहे. वर ३० बाय ३०, खोली ३ मीटर आणि उतार एकास एक असेल तर तळाला राहतं २४ बाय २४. काठोकाठ भरलं की त्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. आता पाणी १ मीटरवर आलं असं धरा. वरून बघितलं तर २६ बाय २६ मीटरचा पृष्ठभाग दिसतो, पावणेसात गुंठे. डोळ्याला वाटतं, थोडंच तर कमी झालंय. पण आत पाणी उरलेलं असतं सव्वासहा लाख लिटर, चौथ्या हिश्श्याहून थोडंसं जास्त. आणि तोवर मासे बोटाएवढे राहिलेले नसतात. ऑगस्टमध्ये पाच-दहा ग्रॅमचा असलेला जीव मार्चमध्ये अर्ध्या किलोचा असतो. म्हणजे पाणी उतरत जातं आणि माशांचं वजन चढत जातं. क्षेत्रावर काढलेला आकडा इथं फसवतो तो असा.

हे पाणी फक्त ड्रिपनं जात नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर सहज उडतं, वारा सुटला तर जास्तच. दोन महिन्यांत अर्धा मीटर नुसत्या उन्हानं जातो. मासे पाणी पीत नाहीत, तेच पाणी पिकालाही मिळतं, एवढं त्या मजकुराच्या बाजूनं खरं आहे. पण डाळिंबाला पाणी द्यायचं की माशाला ठेवायचं हा प्रश्न एप्रिलमध्ये येतोच, आणि त्याचं उत्तर बीज सोडायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

पहिल्या वर्षी मी ३ हजार सोडले होते. एप्रिलात पाणी कमरेएवढं राहिलं. एके पहाटे मोटार लावायला गेलो तर तळ्याचा सगळा पृष्ठभाग हलत होता. हजारो तोंडं वर, हवा गिळताहेत. रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही पाण्यातला प्राणवायू वापरतात, उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, आणि तापलेल्या पाण्यात मुळातच तो कमी मावतो. हे सगळं मला नंतर कळलं. सकाळी आठपर्यंत मोठे कटले पांढरे पोट वर करून तरंगत होते. मोठा मासा आधी जातो. उरले ते दाटीनं खुरटलेले, शंभर-दीडशे ग्रॅमचे, त्यांना गावात कोणी विचारलं नाही. मेलेले मासे खड्डा करून पुरले. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

"मग बोअरचं पाणी सोडायचं," असं कोणी म्हणेल. सोडावं, पण जमिनीखालचं पाणी वर येतं तेव्हा त्यात प्राणवायू फार कमी असतो. पाईप तळ्यात बुडवून ठेवला तर फायदा होत नाही. पाणी उंचावरून, फरशीवर किंवा पत्र्यावर आपटून, फुटून पडायला हवं. आणि ज्या वर्षी तळं आटतं त्या वर्षी बोअरही गुळण्या टाकत असतो.

शेणाचं सांगतो. मातीच्या तळ्यात शेणखतानं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतात, त्यावर कटला पोसतो, हे बरोबर. पण अस्तरावर चिखल नसतो, तळातलं अन्न नसतं, म्हणून मृगळ तिथं फारसा वाढत नाही. शिवाय हेच पाणी ड्रिपला जातं. हिरवं पाणी केलं की फिल्टर दिवसाआड धुवावा लागतो, ड्रीपर बंद पडतात. मग कोणीतरी शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट, त्यात तांबं असतं) टाकतं. कृपा करून मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नका. तांबं माशाला थेट मारतं, आणि त्यातून जो वाचतो त्याला कुजणारं शेवाळ पाण्यातला प्राणवायू संपवून मारतं.

मी भाताचा कोंडा आणि शेंगपेंड निम्मी-निम्मी भिजवून, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगतो. १०० किलो मासा असेल तर दिवसाला २-३ किलो. आभाळ आलं किंवा पहाटे तोंडं वर दिसली की त्या दिवशी खाद्य बंद. थोडे गवत्या (गवत खाणारे मासे) सोडलेत, त्यांना बांधावरचा हत्तीघास पुरतो.

मांगुराबद्दल थोडक्यात. मजकुरातला 'चिखलातही जगतो' तो विदेशी मांगूर आहे आणि त्याच्या पालनावर बंदी आहे. एका जोराच्या पावसात तो सांडव्यावाटे ओढ्यात गेला तर तिथले आपले मासे खाऊन टाकतो. चिलापी (तिलापिया मासा) आपसूक जगते, पण साधी चिलापी तळ्यातच वीत राहते आणि शेवटी हातात हजारो बोटाएवढी पिल्लं येतात.

तर किती सोडायचे? तळं भरलेलं असताना मोजू नका. मागच्या दोन-तीन वर्षांत मार्चअखेर किती पाणी उरलं ते आठवा आणि तेवढ्याच पाण्याचं तळं आहे असं समजून आकडा काढा. माझ्याकडं तेव्हा साधारण दीड मीटर राहतं, म्हणजे पावणेदहा लाख लिटर. मी ३५० ते ४०० बोटुकली सोडतो, निम्म्याहून अधिक कटला, बाकी रोहू आणि थोडे गवत्या. ऐकायला फार कमी वाटतं, त्या मुलालाही वाटलं. पण मासा वाढतो, आणि विकायला लायक होतो.

आणि सगळे एकदम काढायचे नाहीत. जानेवारीपासून, जसं पाणी उतरेल तसे मासेही उतरवायचे. मोठे आधी. गावात जिवंत अर्ध्या किलोचा मासा बांधावरच खपतो, किलोची वाट बघायची गरज नाही. जाळं ओढायला मी भोई माणसांनाच बोलावतो. अस्तरावर शेवाळ धरतं, पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, शेततळ्यात माणसं गेलेली आहेत. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब असल्याशिवाय कोणालाही पाण्याजवळ जाऊ देऊ नका, पोरांना तर नाहीच.

माझ्या तळ्याच्या अस्तरावर दीड मीटरला लाल रंगाची रेघ आहे. यंदा ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उघडी पडली. त्याच आठवड्यात शेवटचं जाळं ओढलं, आणि उरलेलं पाणी डाळिंबाला दिलं.