पाच जणांवर चाचणी पुरते? खुलासा

‘पाच वापरकर्त्यांवर ॲप तपासलं की ८५ टक्के दोष (वापरताना अडवणाऱ्या गोष्टी) सापडतात, काम झालं’ असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या हिशेबात एखादा दोष एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती; ८५ चा आकडा त्यातूनच येतो. ती १० टक्के असेल, तर पाच जणांत जेमतेम ४१ टक्के दोष हाती लागतात. नीलसन यांचा २००० सालचा सल्लाही वेगळा आहे: पंधरा जणांचं बजेट पाच-पाचच्या तीन फेऱ्यांत वाटा, दर फेरीनंतर दुरुस्ती करा. प्रकल्पाच्या वेळापत्रकातून नेमकी ही दुरुस्तीच गळते. विक्रेते आणि ग्राहक असे वेगळे गट असतील, तर प्रत्येकातले तीन-चार जण हवेत. आणि ‘पाचपैकी चौघांना जमलं, म्हणजे ८० टक्के यश’ असं अहवालात कृपया लिहू नका; टक्केवारी काढायला पाच जण फारच कमी आहेत.