अण्णांचा चौका आणि माझं मायग्रेशन

माझ्या एरर फसव्या निघाल्या, असं मला परवा एका टॉवेल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर ऐकवण्यात आलं. ऐकवणारे स्टोअरमधले अण्णा.

कंपनी सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली, नाव सांगत नाही कारण बिल अजून निघायचंय. त्यांना डिस्पॅचचं एक छोटं वेब ॲप पाहिजे होतं, मी जँगोत (वेब ॲप बनवायचा तयार सांगाडा) करून दिलं, घरी पोस्टग्रेस डेटाबेसवर मस्त चाललं. पण कंपनीचा सगळा डेटा ओरॅकल १९सी या दुसऱ्याच डेटाबेसमध्ये आणि तो सांभाळणारे साहेब पुण्याला हेड ऑफिसात. म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथं गेलो, आणि नेटवर्कचा मोकळा पॉइंट फक्त स्टोअरमध्ये निघाला म्हणून एप्रिलच्या दुपारी अण्णांच्या टेबलाशेजारी, टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या मधोमध बसलो. पंखा एकच, तोही अण्णांकडं तोंड करून.

पहिल्या तासात अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग स्क्रीनवर एरर आली, त्यात आकडा होता, आणि अण्णांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला.

"काय आलं ओ?"

"एरर आली अण्णा."

"ती आली ते दिसतंय की. आकडा काय आला?"

आकडा होता १२५०५. साहेबांनी डेटाबेसचं सर्व्हिस नेम पाठवलेलं, आणि जँगोचं असंय की सेटिंगमध्ये होस्ट आणि पोर्ट वेगळे भरले की नेमच्या जागी जे लिहाल त्याला ते एसआयडी, म्हणजे डेटाबेसची दुसऱ्या प्रकारची ओळख, समजतं, मग समोरचा लिसनर (ओरॅकलच्या दारावरचा वॉचमन) म्हणतो असा एसआयडी मला माहीत नाही. उपाय सोपा, होस्ट-पोर्ट रिकामे ठेवायचे आणि नेममध्येच सगळा पत्ता एका ओळीत द्यायचा. हे मी अण्णांना हौसेनं सांगायला लागलो तर ते खिशातली छोटी डायरी काढून लिहीत होते.

"शेवटचे तीन घ्यायचे. पाच शून्य पाच. पाच अन् पाच दहा, म्हणजे शून्य. छ्या. शून्य परवाच येऊन गेलाय. दुसरा दाखवा."

ज्यांना मटका माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माहीत नाही असं सांगणाऱ्यांसाठी): तीन आकडे निघतात, ते चढत्या क्रमानं मांडायचे, शून्य सगळ्यात शेवटी, त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन. मग तसाच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. धंदा बेकायदा आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. मुळात हे सुरू झालं कापसावर, न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला यायचे त्यावर लोक पैसे लावायचे, साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले तेव्हा मडक्यातनं चिठ्ठ्या काढायला लागले. म्हणजे कापसाच्या टॉवेलवर टेकून अण्णा आकडा शोधत होते त्यात परंपरा म्हणून काही चूक नव्हती. फक्त तो माझ्या लॅपटॉपवर शोधत होते.

मायग्रेट कमांड मारली, म्हणजे ॲपला लागणारी टेबलं डेटाबेसमध्ये बनवायची. जँगो आधी स्वतःची वही उघडतो, जँगो-मायग्रेशन्स नावाचं टेबल, कुठलं मायग्रेशन झालं कुठलं राहिलं त्याची नोंद ठेवायला. तेच बनेना. ओरॅकलची एरर आली, ओआरए-०१०३१, अधिकार अपुरे.

"शून्य तीन एक. चौका!" अण्णा.

पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, "क्रिएट टेबलचा राइट कशाला पाहिजे? आमच्या पॉलिसीत ॲप युजरला देत नाही." म्हटलं सर, टेबल बनवल्याशिवाय ॲप डेटा ठेवणार कुठं? "मेल टाका, मॅनेजरना सीसी करा." टाकला. जेवणाची सुट्टी झाली, अण्णांनी डब्यातली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत घोळवून मला दिली (माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवतो), मग साहेबांनी राइट दिला, मी कमांड मारली, परत ०१०३१. कारण आयडी कॉलमला आतून सिक्वेन्स (ओळीनं पुढचा नंबर देणारा) लागतो आणि क्रिएट सिक्वेन्सचा राइट वेगळा. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये टेबल, सिक्वेन्स, प्रोसिजर, ट्रिगर असे चारही राइट लिहिलेले आहेत, ती यादी माझ्या पहिल्याच मेलमध्ये होती, पण साहेबांनी त्यातला पहिला शब्द वाचून काम संपवलं होतं.

"परत चौका?" अण्णांचा आवाज बदलला होता.

आणखी एक मेल, पुन्हा सीसी. या वेळी टेबल बनलं, पुढचं, जँगोचंच कंटेंट-टाइप नावाचं टेबलही बनलं, मी खुर्चीला पाठ टेकवतोय तोच ओआरए-०१९५०, टेबलस्पेसवर, म्हणजे डेटा ठेवायच्या जागेवर, अधिकार नाही.

"नऊ पाच शून्य. चौदा. चौका!!" अण्णा उभे राहिले. आणि माझ्या बाजूला आले, आणि पंखा माझ्याकडं फिरवला.

आता यातली गंमत बघा, मला तेव्हा अजिबात गंमत वाटत नव्हती तरी. ओरॅकल रिकामं टेबल बनवताना जागाच घेत नाही, पहिली ओळ टाकाल तेव्हा घेतो. त्यामुळं टेबलं बिनबोभाट बनली, आणि "मायग्रेशन झालं" अशी वहीत ओळ लिहायला गेला तेव्हा कळलं की या युजरला टेबलस्पेसचा कोटाच दिलेला नाही. पोस्टग्रेसवर असं काही फसलं की बनलेलं टेबलही मागं जातं, सगळं जिथल्या तिथं. ओरॅकलमध्ये टेबल बनवलं की तिथंच कमिट, म्हणजे कायम. म्हणजे टेबल आहे, नोंद नाही. साहेबांनी कोटा दिला, मी परत चालवलं तर ओआरए-००९५५, या नावाची वस्तू आधीच अस्तित्वात आहे.

"नऊ पाच पाच, एकोणीस, नव्वा. ओपन चौका, क्लोज नव्वा. एकोणपन्नासची जोडी." अण्णांनी डायरी मिटली, आणि मग एकदम हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून: "इंजिनेर, आता हे सहापर्यंत दुरुस्त करू नका ओ. तसंच राहू दे."

मी दुरुस्त केलं. त्या एका मायग्रेशनला फेक लावलं, म्हणजे झालंय असं समज आणि पुढं चल, आणि बाकीची सरळ गेली. अण्णा दुखावले, ते मला दिसलं, पण पंखा काढून घेतला नाही.

कंपनीची जुनी टेबलं वाचायची बाकी होती, ती दुसऱ्या युजरच्या मालकीची. इन्स्पेक्ट-डीबी (जुनी टेबलं वाचून जँगोचा कोड लिहून देणारं) चालवलं तर ००९४२, टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. अहो, आहे की! पंधरा वर्षांचा माल त्यात आहे! वाचायचा राइट नसला की ओरॅकल "तुला अधिकार नाही" म्हणत नाही, "असं काही नाहीच" म्हणतो. सुरक्षेसाठी बरोबर असेल, दुपारी चार वाजता उकाड्यात अपमानच वाटतो. साहेब फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं सोलापुरात ओरॅकलवाला कुणी नाही का?" होते ना सर. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं सगळे तुमच्याकडं आले. जो इथं राहून काम करतो त्याला पुण्यात जमलं नाही असंच धरतात, आमचे नातेवाईकही तेच धरतात, आणि मी दर वेळी आईवडील, घर, खर्च अशी कारणं का देत बसतो ते मला कळत नाही.

असो. काम झालं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो तर अण्णा आले. ओपनला आला होता छक्का.

"तीनदा चौका दाखवला ओ तुमच्या मशीननं. तीनदा! अन् आला छक्का. फसव्या एरर." आणि मग, चार ऑपरेटर बघतायत त्यांच्यादेखत, "पन्नास रुपये गेले. अर्धे तरी द्या."

दिले नाहीत. पण खिशाकडं हात गेला होता, हे मला अजून खुपतंय.

वर पुण्याच्या साहेबांनी माझ्या सगळ्या मेलचं एकच तिकीट करून "युजर एरर" शेरा मारून बंद केलं, आणि तो शेरा वाचून मालकांच्या मुलानं बिलातले मायग्रेशनचे तास खोडले. म्हणाला, एरर तुमच्या तर तास आमचे कसे? राइट कुणाकडनं आले नाहीत हे मेलमध्ये तारखेवार आहे, सीसीसकट, वाचतो कोण.

आता हे सगळं टेस्ट सर्व्हरवर झालं. प्रॉडक्शनवर युजर नवीन, राइट नवीन, सोमवारी परत जायचंय. काल रात्री अनोळखी नंबरवरनं फोन आला, अण्णा होते.

"सोमवारी येताय म्हणे. ओपनच्या आधी या."