गल्ल्यातली खोटी नोट आणि कलम १७९

गल्ल्यात पाचशेची खोटी नोट निघाली की दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "जशी आली तशी जाऊ दे." मग संध्याकाळच्या गर्दीत चार खऱ्या नोटांच्या मधे घालून ती कुणाला तरी दिली जाते. फसवलं दुसऱ्याने आणि भुर्दंड मला का, हा राग समजतो. पण नोट खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे दिली की फसलेला माणूस आरोपी होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत खोट्या नोटा छापणाऱ्यासाठी कलम १७८ आहे आणि त्या खऱ्या म्हणून वापरणाऱ्यासाठी १७९. शिक्षा दोघांना सारखीच: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड. खरी म्हणून चालवायच्या इराद्याने नुसती जवळ ठेवली तरी कलम १८०, सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

सगळं अडतं ते जाणिवेवर. नोट खोटी आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. छत्तीसगडमधल्या एका तरुण विद्यार्थ्याने शंभराची नोट देऊन आंबे घेतले आणि नोट खोटी निघाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं ते याच मुद्द्यावर. नोट कायदेशीर मार्गाने आली हे दाखवता आलं तर ती बाळगणं गुन्हा नाही, असं स्पष्टीकरण आता कलम १८० मध्येच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत नाण्यांसाठी कलम २४१ होतं. नाणं घेताना खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, नंतर कळलं आणि तरीही पुढे दिलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसलेला माणूस आणि टोळीवाला यांतला फरक १८६० च्या कायद्याला कळत होता. नोटांना ही सवलत तेव्हाही नव्हती. नव्या संहितेने नाणी आणि नोटा एकत्र केल्या, तेव्हा ती नोटांनाही देता आली असती. उलट नाण्यांचीही गेली. पाचशे रुपये वसूल करायला निघालेला भाजीवाला आणि गठ्ठे खपवणारा दलाल एकाच पंगतीत बसले. हे बदलायलाच हवं. चूक चूकच आहे, पण तिला जन्मठेपेचं कलम नको.

तोवर नोट घेतानाच बघा. पाचशेची नोट तिरकी केली की धागा हिरव्याचा निळा दिसतो. क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. दोन्ही कडांना पाच तिरक्या रेषा अंगठ्याला लागतात, पण मळलेल्या नोटेत त्यांचा उठाव झिजतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

तरीही आलीच, तर लगेच बँकेत न्या. बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते. पैसे मिळत नाहीत, नोटही परत मिळत नाही. पोचपावती मात्र मिळायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॅशियरने शिक्का न मारता नोट तुमच्या हातात परत दिली, तर चूक बँकेची आहे. "राहू द्या, घेऊन जा" ही मेहेरबानी घेऊ नका, कारण तिथून निघताना नोट खोटी असल्याचं तुम्हाला पक्कं माहीत असतं.

आणि अशा नोटा ड्रॉवरमध्ये साठवू नका. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवायला कळवते. वर्षभरात अधूनमधून आलेल्या सहा नोटा दिवाळीच्या साफसफाईत एकदम बँकेत नेल्या, तर प्रत्येक नोट कुठून आली हे पोलिसांना सांगत बसावं लागेल.