कॉम्प्लिमेंटरी आहे ना?

हॉटेलात राहायचं तर परगावी जाऊन राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच गावात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर, घरचा धडधाकट पलंग रिकामा ठेवून दुसऱ्याच्या गादीवर झोपायला पैसे मोजायचे, याला हल्ली स्टेकेशन म्हणतात म्हणे. आमच्या चिरंजीवांनी पुण्यात बसून मोबाइलवर बोट फिरवलं आणि आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून एक रात्र नाशकातल्याच पंचतारांकित हॉटेलात आणि दुसरी रात्र गंगापूर धरणाच्या पलीकडे कुठल्याशा लक्झरी व्हिलात असं बुकिंग करून टाकलं. मी म्हटलं, अरे कॅन्सल कर, तर म्हणतो, "बाबा, नॉन-रिफंडेबल आहे." संपला विषय.

सौ.ने विचारलं, कितीला पडलं? तो काही सांगेना. पण ही बाई इतकी वर्षं पतसंस्थेत हिशेब बघतेय, तिने पावतीवरच्या टॅक्सवरून उलटा हिशेब लावला. सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर एक रुपया जरी गेला तरी सगळ्या रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या खोलीला ३७५ रुपये टॅक्स आणि ७,५०१ च्या खोलीला १,३५०, एका रुपयापायी पावणेदहाशेचा भुर्दंड! आमच्या पावतीवर १८ टक्के लागलेले होते. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिथून पुढे ही सुट्टी राहिली नाही, थकबाकीची वसुली सुरू झाली.

चेक-इन दुपारी दोनला. आम्ही साडेबारालाच लॉबीत जाऊन बसलो, कारण एसी लॉबीतही असतो. एक मुलगी ट्रेमधून सरबत घेऊन आली, मी हात पुढे केला तेवढ्यात हिने विचारलं, "कॉम्प्लिमेंटरी आहे ना?" ती हो म्हणाली. मग पेपर, चप्पल, पेन, पाण्याची बाटली, टेबलावरची दोन सफरचंदं, सगळ्यांची चौकशी झाली. लिफ्टमध्ये पाय टाकतानाही ती क्षणभर थांबली होती, मी बघितलं ना.

बॅग घेऊन जो पोरगा वर आला तो खोलीत शिरल्याबरोबर म्हणाला, "काका, तुम्ही सिडकोतले ना? मी तुमच्या मागच्याच गल्लीतला." झालं! एसी कुठून लावायचा, टीव्ही कुठला, हे सगळं तो मला समजावत होता आणि मी मनात हिशेब करत होतो की याला टीप द्यायची तर किती, शंभर दिले तर याची आई भाजीवाल्यापाशी भेटल्यावर काय म्हणेल आणि नाही दिले तर काय काय म्हणेल. शेवटी सौ.ने पर्समधून तिळाचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला, संक्रांत नुकतीच झाली होती. तो वाकून पाया पडला, आम्ही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पंचतारांकित खोलीत असं चेक-इन दुसऱ्या कोणाचं झालं नसेल. तासाभरात शेजारच्या काकूंचा फोन, "काय हो, घरात काही वाद झाला का? म्हटलं दोघं बॅगा घेऊन हॉटेलात..." घराला रंग देतोय असं सांगून मी फोन ठेवला, तर आता त्या रोज विचारतात, कुठला रंग दिला.

आता खोली. १८९८ साली पॅरिसमध्ये सीझर रिट्झने हॉटेल उघडलं तेव्हा खोलीला लागून स्वतंत्र बाथरूम ही केवढी मोठी चैन होती. सव्वाशे वर्षांनी आमच्या हॉटेलाने त्याच बाथरूमची भिंत काचेची करून टाकली. पडदा होता, नाही असं नाही, पण त्याचं बटण बाहेर पलंगाशेजारी, म्हणजे आत साबण लावून उभ्या असलेल्या माणसाची सगळी अब्रू बाहेर बसलेल्या माणसाच्या बोटावर. आणि बाहेरचा माणूस मी, ज्याला कुठल्या बटणाने काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे एक जण आंघोळीला गेला की दुसऱ्याने खिडकीशी उभं राहून पंचवटीच्या दिशेला भक्तिभावाने बघत राहायचं असं ठरलं.

रात्री दिवे विझवायची वेळ आली. सगळे विझले, एक विझेना. कपाटाखाली कुठेतरी बारीक पिवळी पट्टी होती. मी भिंतीवरची सगळी बटणं दाबून बघितली, त्यात टीव्ही लागला, दारावरचा 'डिस्टर्ब करू नका'चा दिवा लागला आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी खिडकीचे पडदे आपोआप सरकून समोरचा अख्खा हायवे खोलीत आला. खाली फोन करू म्हटलं तर सौ. म्हणे नको, तोच पोरगा येईल आणि उद्या गल्लीत कळेल की काकांना लाइट बंद करता येत नाही. मग त्या पट्टीवर माझी बनियन टाकली आणि झोपलो.

सकाळी डोळे उघडले तर ही खोली आवरतेय. रजईची घडी, उशा थापटून जागेवर, बेसिन पुसलेलं, कचऱ्याच्या डब्यातल्या पिशवीलाही गाठ. "अगं, त्यांची माणसं येतात यासाठी," मी म्हटलं. "म्हणूनच तर," म्हणाली, "येणारी पोरगी काय म्हणेल?" ती पोरगी आली, खोली बघितली आणि विचारलं, "मॅम, रात्री दुसऱ्या रूममध्ये शिफ्ट झालात का?"

नाश्ता मात्र बुकिंगमध्ये धरलेला, त्यामुळे आदल्या रात्री आम्ही मुद्दाम खिचडीवर भागवलं होतं (घरून डब्यात नेलेली, हे घरी सांगायचं नाही असं ठरलंय). बुफेच्या एका टोकाला पाटी, 'नाशिक स्पेशल मिसळ'. काचेच्या इवल्याशा ग्लासात तळाशी मटकी, वर चमचाभर शेव आणि पांढरी टोपी घातलेले गृहस्थ छोट्या किटलीतून रस्सा थेंब थेंब सोडत विचारतात, "सर, स्पायसी चालेल?" नाशिककराला! जिथे रविवारी सकाळी मिसळीसाठी नंबर लावून उभं राहायचं आणि एक्स्ट्रा रस्सा न विचारता यायला हवा असा आपला जन्मसिद्ध हक्क, तिथे हे. मी तसले पाच ग्लास प्यायलो. सौ. पपई, केक, डोसा, चीज, परत पपई असं करत साडेदहाला काउंटर बंद होईपर्यंत लढली.

दुसऱ्या दिवशीचा व्हिला गिरणारे सोडून पुढे, धरणाच्या पाण्याच्या बाजूला. २००० साली सुलाची पहिली वाइन आली आणि नंतर हा सगळा पट्टाच पालटला, जिथे लोक पूर्वी फक्त टोमॅटो आणि द्राक्षाचा भाव विचारायला जायचे तिथे आता मुंबईची मंडळी ग्लास गोल फिरवून वास घेतात. आमच्या व्हिलात सारवलेली भिंत, विणलेली बाज, कंदील, अंगणात चूल, आणि मॅनेजर सांगतोय की हा ऑथेंटिक व्हिलेज एक्सपिरियन्स आहे. माझ्या मामाचं घर तिथून दोन बांध सोडून. मामा संध्याकाळी भेटायला आला, बाजेवर बसून बघितलं, चुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "आरं, हेच समदं काढून टाकाया मी सोसायटीचं कर्ज घेतलं व्हतं!" त्याच्या घरी आता स्लॅब, फरशी आणि एसी आहे. रात्री तिकडेच या झोपायला, म्हणाला. मला जायचं होतं हो, पण १८ टक्के.

आणि तो प्लंज पूल. खाजगी, फक्त आमच्यासाठी. जानेवारीचा महिना, पेपरात रोज निफाडचा पारा किती घसरला त्याची बातमी, आणि दाराबाहेर निळ्या फरशीचा हौद. पाणी गरम करून मिळेल का विचारलं तर हीटिंगचा चार्ज वेगळा. तिथेच प्रश्न मिटायला हवा होता. पण सौ. म्हणाली, "अहो, पैसे त्याचेच तर घेतलेत, उतरा." तू उतर म्हटलं तर तिला सर्दी. मग सकाळी साडेसातला, अंगावर पंचा, तोंडातून वाफा, मी एक पाय पाण्यात घातला तो घोट्यापासून खाली माझा राहिलाच नाही. दुसरा घातला. कमरेपर्यंत गेल्यावर तोंडातून आपोआप हर हर गंगे सुटलं, पलीकडच्या व्हिलातल्या बाईंनी खिडकी उघडून बघितलं. "खांदे भिजवा," काठावरून शाल पांघरून सूचना. रामकुंडावर डुबकी मारली असती तर निदान पुण्य तरी लागलं असतं, आणि ते कॉम्प्लिमेंटरी.

बाहेर आलो तेव्हा दात वाजत होते आणि डोक्यात एकच विचार, घरी जायचं, गवती चहा टाकायचा, आपल्या पलंगावर आपली गोधडी घेऊन पडायचं. सौ.चंही तेच, कुंड्यांना दोन दिवस पाणी नाही, दूधवाल्याने पिशव्या कुठे टाकल्या असतील कोण जाणे. दहालाच बॅगा भरून आम्ही रिसेप्शनवर हजर. बिल झालं, सह्या झाल्या, मी गाडीची किल्ली हातात घेतली. तेवढ्यात त्या मुलीने हसून सांगितलं, "सर, ॲनिव्हर्सरी आहे म्हणून आम्ही तुम्हाला दुपारी तीनपर्यंत लेट चेकआउट देतोय, कॉम्प्लिमेंटरी."

मी सौ.कडे बघितलं. तिने बॅगा उचलल्या होत्या आणि ती व्हिलाकडे निघालीसुद्धा होती.