एका दिवसात मुंबई कशी उरकावी

सगळ्यात आधी रविवारच पकडा. मधल्या वारी गेलात तर गेटवेला उभं राहायला जागा मिळते, आणि जागा मिळाली की माणूस उगाच इकडेतिकडे बघायला लागतो, त्यात वेळ जातो. रविवार जमत नसेल तर सोमवार. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, त्यामुळे धक्क्यावर जाऊन "अरे, आधी सांगायचं ना!" असं कुणावर तरी खेकसलं की एलिफंटा झालं, पुढे चला.

गेटवेला पोचल्या पोचल्या त्याच्याकडे पाठ करा, नाहीतर ते सेल्फीत येणार कसं? तिकडे ताजचा घुमट चिमटीत पकडल्याचा फोटो मस्ट आहे, तो जमेपर्यंत घरच्यांना उन्हात उभं ठेवा. एखादा हौशी माणूस सांगायला येईल, की पंचम जॉर्ज आला १९११ ला, त्याच्या स्वागताच्या कमानीचा पायाचा दगड बसला १९१३ ला आणि कमान पुरी झाली १९२४ ला, आणि १९४८ ला शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून घरी गेली, म्हणजे स्वागत राहिलं बाजूला, निरोपालाच ती जास्त कामाला आली. त्याला "हो का" म्हणा आणि मोबाईल त्याच्याच हातात द्या, ग्रुप फोटोला माणूस लागतोच.

सोमवार नसलाच तर लाँच पकडा. तासाभराचा प्रवास आहे, वरच्या डेकचे वेगळे पैसे घेतात, ते आनंदाने द्या आणि वर जाऊन मान खाली घालून रील बघा. समुद्र काय, येताना पण तोच असतो. बेटावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला माळा आणि टोप्यांची दुकानं, तिथे घासाघीस करण्यात सगळा दम घालवा. हातात कोल्ड्रिंकची बाटली उघडी धरा, माकडांचाही रविवार असतो.

आत अंधारात ती वीसेक फुटी त्रिमूर्ती. इथे फार रेंगाळायचं नाही. रेंगाळलात की डोळे अंधाराला सरावतात, मग डावीकडच्या चेहऱ्याच्या मिशा दिसायला लागतात, हातातला नाग दिसतो, उजवीकडच्या चेहऱ्यापाशी कमळ दिसतं आणि मधला मिटल्या डोळ्यांनी असा शांत बसलेला की आपला आवाज आपोआप खाली येतो. हे परवडणारं नाही, मागे लाइन आहे. फ्लॅश मारा आणि बाहेर येऊन मोठ्याने विचारा, "एलिफंटा म्हणतात, मग हत्ती कुठाय?"

हत्ती राणीच्या बागेत आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला नाव दिलं तो दगडी हत्ती भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे. फोर्टात काळा घोडा शोधत फिराल तर तीच गोष्ट, तो सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन १९६५ ला राणीच्या बागेत गेला, आता चौकात दिसतो तो २०१७ चा, बिनस्वाराचा. तुम्ही मात्र राणीच्या बागेत जाल तर पेंग्विनच बघा, आणि हे दोघे मध्ये आले तर जरा बाजूला व्हा म्हणावं, फोटो खराब होतो.

म्युझियम, राजाबाई टॉवर वगैरे टॅक्सीतून बोट दाखवून होतं.

शेवटी सीएसएमटी, आणि ते बरोब्बर संध्याकाळी सहाला. ऑफिसं सुटलेली असताना ट्रॉली बॅग घेऊन लोकांच्या वाटेत मधोमध उभं राहायचं. १८८८ ची बिल्डिंग, दारावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, पण वर बघू नका, इंडिकेटर बघा, आणि तोही वाचता येत नसेल तर धावणाऱ्या माणसाला थांबवून विचारा. मग मिळेल त्या फास्ट लोकलच्या दारात बॅगेसकट उभे राहा. तुम्हाला कल्याणला जायचं असेल तरी काळजी नको, दादरला लोक तुम्हाला उतरवतात. बॅग कल्याणला पोचते.