पाठीतले इंजेक्शन, सोसलेली कळ आणि बाळंतिणीची कंबर

गेली काही वर्षे बाळंतपणाविषयीचा एक संदेश मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये थोड्याफार फरकाने फिरत आहे. त्यातील विधाने अशी: माणसाचे शरीर जास्तीत जास्त ४५ ‘डेल’ वेदना सोसू शकते, पण प्रसूतीच्या वेळी स्त्री ५७ ‘डेल’ सोसते आणि ती वेदना एकाच वेळी २० हाडे मोडल्याएवढी असते, जी कळा सोसते तिलाच दूध चांगले येते, हल्लीच्या मुली पाठीत इंजेक्शन घेतात, म्हणून त्यांची कंबर जन्मभर दुखते, बाळंतिणीने दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्या दुधातून बाळाच्या पोटात जातात, तिने पाणी कमी प्यावे, पोट घट्ट बांधावे आणि सव्वा महिना अंथरूण सोडू नये, आणि शेवटी, आपल्या आज्या-पणज्यांनी हे सारे तोंडातून चकार शब्द न काढता सोसले. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात आईविषयी आदरच असतो, याबद्दल मला शंका नाही. परंतु ओल्या बाळंतिणीच्या उशाशी तो वाचून दाखवला जातो, तेव्हा तिच्यापर्यंत एवढेच पोचते की दुखणे हा आईपणाचा भाग आहे आणि ते बोलून दाखवणे हा कमकुवतपणा आहे. या समजुतीपायी उपचार होऊ शकणारी दुखणी अंगावर काढली जातात, म्हणून यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘डेल’ नावाचे वेदनेचे एकक वैद्यकशास्त्रात नाही. त्याच्या जवळचे ‘डोल’ हे एकक १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स हार्डी, हॅरल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या संशोधकांनी सुचवले होते. त्वचेवर उष्णतेचा झोत टाकायचा आणि ती उष्णता किती दुखते यावरून वेदनेची पायरी ठरवायची, अशी त्यांची पद्धत होती. त्या मापाचे वरचे टोक साडेदहा डोल होते. १९४९ मध्ये हार्डी आणि जॅव्हर्ट यांनी हेच माप प्रसूतिवेदनांनाही लावून पाहिले होते. त्यामुळे ५७ हा आकडा त्या मापावरही बसत नाही, आणि ज्याची कमाल मर्यादा ४५ आहे असे म्हणायचे ते ५७ पर्यंत सोसले जाते, हे विधान स्वतःलाच खोडून काढते. हे माप पुढे मागे पडले, कारण वेदना ही तापमानासारखी बाहेरून मोजता येत नाही. कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचे वर्णन करणाऱ्या शब्दांची प्रश्नावली तयार केली आणि तिच्या आधारे प्रसूतिवेदनांचाही अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षानुसार या वेदना सरासरीने फार तीव्र असतात, पण बाईबाईत मोठा फरक असतो. काहींना त्या मध्यम वाटतात, तर काहींना असह्य. पहिलटकरणीला २० मोडलेल्या हाडांची भीती घालून तिचा सन्मान होत नाही. भीतीने स्नायू आखडतात आणि कळ अधिक तीव्र जाणवते.

सोसलेल्या कळांचा आणि दुधाचाही संबंध नाही. वार पडल्यानंतर शरीरातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण एकदम खाली येते आणि त्यामुळे प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाला दूध तयार करण्याची वाट मोकळी होते. पुढे बाळ जितक्या वेळा ओढते तितके दूध तयार होत राहते. आधी ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये एकही कळ आलेली नसते, तरी त्या आयांना दूध येतेच. कधी एखाद्या दिवसाचा उशीर होतो इतकेच. उलट दूध स्तनातून बाहेर सोडणारे ऑक्सिटोसिन वेदना आणि धास्तीने अडते. टाक्यांच्या दुखण्यामुळे जिला धड बसताही येत नाही, तिचे दुखणे कमी केले आणि तिला कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजायला शिकवले, तर दुधाची बाजू त्यानेच सावरते.

आता पाठीतल्या इंजेक्शनविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात साधारण दर चौथे बाळंतपण सिझेरियनने होते आणि त्यांतील बहुतेकांसाठी पाठीत इंजेक्शन दिले जाते. म्हणजे या एका वाक्याने घाबरणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. ‘हल्लीच्या मुली’ हा उल्लेखही येथेच बाजूला करू. बाळंतपणात वेदनाशमन करण्याची सुरुवात एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये केली आणि १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीच्या वेळी जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले.

सिझेरियनसाठी कमरेत एकदाच दिले जाणारे इंजेक्शन आणि कळा सुसह्य करण्यासाठी बारीक नळी ठेवून दिले जाणारे एपिड्युरल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची सुई वापरतात आणि ती कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मधल्या जागेत घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपलेला असतो. दोनेक मिलिलिटर औषध जाते आणि काही तासांत त्याचा अंमल उतरतो. सुई हाडातून जात नाही. ती अस्थिबंधांतून जाते आणि तिचे छिद्र भरून येते. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते, हे खरे आहे.

ही समजूत नुसत्या ऐकीव गोष्टींवर उभी आहे, असे मात्र म्हणता येत नाही. १९९० मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी अकरा हजारांहून अधिक स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणानंतरच्या त्रासांविषयी विचारले, तेव्हा एपिड्युरल घेतलेल्यांपैकी सुमारे १९ टक्के स्त्रियांनी बाळंतपणानंतर सुरू झालेल्या कंबरदुखीची तक्रार केली, तर न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. परंतु ती माहिती काही वर्षांनी आठवणीवरून दिलेली होती, आणि एपिड्युरल घेणाऱ्यांमध्ये आधीपासूनच लांबलेल्या व अवघड प्रसूती अधिक असतात, ही त्यातील उणीव होती. म्हणून पुढे स्टोक-ऑन-ट्रेंट येथे ३६९ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एका गटाला एपिड्युरल आणि दुसऱ्याला अन्य वेदनाशमन देण्यात आले. सरासरी २६ महिन्यांनंतर तपासले, तेव्हा कंबरदुखीत दोन्ही गटांमध्ये महत्त्वाचा फरक आढळला नाही. अशा प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हाही दीर्घकालीन कंबरदुखीबाबत हाच निष्कर्ष निघाला. हे प्रयोग एपिड्युरलचे आहेत. सिझेरियनच्या इंजेक्शनची सुई त्याहून पुष्कळ बारीक असते आणि नळी ठेवली जात नाही, त्यामुळे जाड सुईने जे घडत नाही ते बारीक सुईने घडते, असे मानण्याला आधार उरत नाही.

या इंजेक्शनचे खरे दुष्परिणाम संदेशात येतच नाहीत. त्यांतला ठळक म्हणजे डोकेदुखी. मज्जारज्जूभोवतीचे पाणी सुईच्या छिद्रातून झिरपल्यामुळे उठून बसले की डोके ठणकते आणि आडवे झाले की उतरते. बारीक सुईने हे शंभरात एखादीला होते. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये जर्मनीत ही पद्धत प्रथम वापरली, तेव्हा स्वतःवर केलेल्या प्रयोगानंतर त्यांनाही हाच त्रास झाला होता. यावर उपचार आहेत, आणि डोकेदुखी थांबत नसेल तर भूलतज्ज्ञाला कळवलेच पाहिजे. रक्तदाब एकदम उतरणे, मळमळणे, थरथरणे हे त्या वेळेपुरते असते. मज्जातंतूला कायमची इजा होणे अत्यंत दुर्मिळ आहे.

मग कंबर दुखते कशाने? सुमारे निम्म्या स्त्रियांची कंबर गरोदरपणातच दुखू लागलेली असते, म्हणजे पाठीला सुई लागण्याच्या कितीतरी आधी. पोट पुढे आल्याने मणक्याचा बाक वाढतो, संप्रेरकांमुळे कमरेचे सांधे सैल पडतात आणि पोटाचे स्नायू मधोमध दुभंगून ताणले जातात. बाळंतपणानंतर हे स्नायू पूर्ववत होण्याआधीच दिवसातून दहा-बारा वेळा जमिनीवरच्या गादीवर वाकून बाळाला पाजणे, उचलणे आणि झोपवणे सुरू होते. माझ्या धाकट्या जावेची कंबर वर्षभर दुखत होती, आणि घरातल्या प्रत्येकाने, मीही, ते इंजेक्शनचे दुखणे असल्याचे सांगून तिला गप्प केले. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने तिचे पोटाचे स्नायू तपासले, पाठीला आधार घेऊन आणि मांडीवर उशी ठेवून पाजायला शिकवले आणि रोजचे व्यायाम दिले. तीन महिन्यांत दुखणे पुष्कळ कमी झाले. त्या वर्षाची खंत मला आजही वाटते. ‘इंजेक्शनचे आहे, आता ते राहणारच’ या वाक्याने तपासणीचे दार बंद होते, हा या विधानाचा सर्वांत मोठा दोष आहे.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दलचे विधान अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच ते अधिक सांभाळून तपासावे लागते. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन यांचा दुधात उतरणारा अंश अतिशय अल्प असतो, आणि स्तनदा मातांसाठी ही औषधे सुरक्षित मानली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींमध्ये खालच्या टाक्यांच्या वेदनेसाठी तोंडाने पॅरासिटामॉल घेण्याचा सल्ला आहे. याउलट कोडीन आणि ट्रामाडॉल यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्पष्ट इशारा दिला, कारण काही स्त्रियांच्या शरीरात या औषधांचे रूपांतर फार वेगाने होते आणि बाळाच्या श्वासाला धोका पोचू शकतो. त्यामुळे मेडिकलच्या दुकानातून मनाने कोणतीही गोळी आणू नये, आणि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या ‘बाळाला बाधतील’ म्हणून उशीखाली ठेवणे चुकीचे आहे. सिझेरियननंतर पहिले काही दिवस त्या ठरल्या वेळी घेतल्याने, दुखणे शिगेला पोचेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, ते पुष्कळ ताब्यात राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींमध्ये टाक्यांवर थंड पट्टी ठेवण्याचा उपाय आहे, आणि आपल्या घरांत तो सांगणे सर्वांत अवघड जाते, कारण बाळंतिणीला थंड म्हणजे वात, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा थोडा वेळ ठेवल्याने सूज आणि ठणका कमी होतो; कोमट पाण्यात बसण्याचा आराम त्यानंतरचा. बंद खोलीत खाटेखाली पेटती शेगडी मात्र ठेवू नये. ओवा-वेखंडाचा वास चांगला असला, तरी कोळशाचा धूर आणि विषारी वायू आई आणि बाळ या दोघांच्या छातीत जातो.

पाणी कमी पिण्याने बद्धकोष्ठ होते, शौचाच्या वेळी टाक्यांवर ताण येतो आणि लघवीला जळजळ होते. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. पोट घट्ट बांधल्याने गर्भाशय जागेवर जात नाही. प्रसूतीनंतर किलोभर वजनाचे असलेले गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत स्वतःच आकसून १०० ग्रॅमच्या खाली येते, आणि त्या आकसण्याच्याच कळा बाळाला पाजताना जाणवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या अधिक तीव्र असतात. सिझेरियननंतर मऊ पट्ट्याचा आधार घेतल्याने उठता-बसताना बरे वाटते, पण श्वास कोंडेल इतके आवळल्याने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर भार पडतो. सव्वा महिन्याबद्दल मात्र संदेशाला निम्मे श्रेय दिले पाहिजे. धुणे, स्वयंपाक आणि पाणी भरणे दुसऱ्या कोणी करावे, बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू हातात मिळावेत आणि तिला झोपू द्यावे, ही व्यवस्था जपण्यासारखी आहे. अंथरुणाला खिळून राहणे मात्र घातक आहे, कारण या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. सिझेरियननंतरही पहिल्या २४ तासांच्या आत आधार देऊन चालवतात ते पायांतील शिरांमध्ये गुठळी होऊ नये म्हणून.

राहिले आज्या-पणज्यांचे विधान. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५–९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांमधील ७७२ बाळंतिणींची घरोघर जाऊन नोंद केली, तेव्हा निम्म्याहून अधिक स्त्रियांना प्रसूतीत किंवा त्यानंतरच्या काळात काही ना काही आजार झालेला आढळला. प्रसूतीनंतरच्या काळातच हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. पिढ्यान्‌पिढ्या हे घडत आलेले होते. ते नोंदवायला तोवर कोणी घरात आले नव्हते. ‘अंग बाहेर येणे’ (गर्भाशय खाली सरकणे) हे दुखणे घेऊन वीस-वीस वर्षे शेतात राबणाऱ्या बायका आपल्याच घरांत होत्या. त्या बोलल्या नाहीत याचे कारण त्यांना दुखत नव्हते हे नाही; त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

कोणत्या दुखण्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे मात्र प्रत्येक घरात ठाऊक असावे: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, तासाभरात पूर्ण पॅड भिजवणारा रक्तस्राव, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी, टाक्यांतून पू, अंधारी किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी तीव्र डोकेदुखी, एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत यांतील कोणतेही लक्षण दिसू शकते आणि त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली उदासी किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार हेही याच यादीत येतात, आणि अशा विचारांच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. रुग्णालयात बाळंतपण झाले, तरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. ती बाळाचे वजन करून झाल्यावर घरातल्या इतरांनी थोडा वेळ बाहेर जावे आणि बाळंतिणीला टाके, ताप, लघवी, अंगावरून जाणे आणि झोप यांविषयी तिच्याशी एकटीने बोलू द्यावे.